पंचनाम्यातला नवरा

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. कोकिळा डोक्याला फडकं बांधून कापूस वेचायला निघाली होती, तेवढ्यात कोतवाल जीवराम दारात आला. एरवी तो गल्लीतून जाताना सायकल न थांबवताच ‘काय वैनी’ म्हणून पुढे जायचा. आज त्यानं सायकल स्टँडवर लावली आणि खिशातून पेन काढला.

“तालुकाना कागद शे, वैनी. आठे सही करा.”

तिनं सही केली. सही तिला येत होती, वाचताही येत होतं, पण सरकारी कागदावरची अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे ठरत नसत. “तुम्हीच वाचा ना भाऊ,” ती म्हणाली. जीवरामनं पाकीट फोडलं आणि शाळेत धडा वाचावा तसा तो कागद वाचला. आपण संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून परित्यक्ता म्हणून दरमहा लाभ घेत आहात. तथापि आपले पती आपल्यासोबत वास्तव्यास असल्याचे निदर्शनास आले आहे. याबाबत तलाठ्यांमार्फत स्थळपाहणी करण्यात येईल. पुढील सोमवारी सकाळी अकरा वाजता समक्ष हजर राहून खुलासा करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास अनुदान बंद करून आजवर दिलेल्या रकमेची वसुली करण्यात येईल.

कोकिळाच्या कानात शेवटच्या ओळीतला एक शब्द अडकून राहिला. वसुली.

ओट्यावरच्या खाटेवर पुना भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो जागा आहे हे तिला त्याच्या पाठीवरून कळलं. जीवरामनंही तिकडे एकदा पाहिलं, कागद तिच्या हातात दिला आणि सायकल हलकेच स्टँडवरून काढली.

पुना म्हणजे तिचा नवरा. एकोणीस वर्षांपूर्वी तो सुरतेला लूमवर कामाला गेला, तेव्हा त्यांची दिपमाला आठ वर्षांची होती. पहिलं वर्ष मनीऑर्डर आली, दुसऱ्या वर्षी दोनदा, मग काहीच नाही. चौथ्या वर्षी गावातला एक माणूस सुरतेहून येऊन सांगून गेला की पुनानं तिकडे दुसरं घर केलंय, तिथं दोन पोरंही आहेत. कोकिळानं त्या दिवशी त्याचे राहिलेले कपडे बोहारणीला दिले आणि दोन पातेली घेतली. त्यानंतर तिनं मजुरी करून दिपमालाला वाढवलं, बारावीपर्यंत शिकवलं, शिरपूरला दिलं. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला सरकार पगार देतं हे तिला फार उशिरा कळलं. गावात त्या पैशाला सगळे पगारच म्हणत. दोनदा अर्ज परत आला. तिसऱ्या वेळी ग्रामपंचायतीचा दाखला, तलाठ्याचा दाखला, पोलीस पाटलाचा जबाब, सगळं जोडून तो मंजूर झाला, तेव्हा कागदावर तिच्या नावापुढे ‘परित्यक्ता’ असं छापून आलं. त्या शब्दाची तिला लाज वाटली नव्हती. इतक्या वर्षांनी आपल्यावर जे झालं ते कुणीतरी लिहून घेतलं, एवढंच तिला वाटलं होतं.

आणि गेल्या फाल्गुनात पुना परत आला. फाट्यावर एसटीतून उतरला तेव्हा एका पायात चप्पल होती आणि दुसऱ्या पायाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. तिकडची बाई वारली होती आणि तिकडच्या पोरांनी त्याला गाडीत बसवून दिलं होतं. तो ओट्याच्या पायरीवर बसला, आत आला नाही. कोकिळा दोन तास चुलीपुढून उठली नाही. मग तिनं तांब्याभर पाणी आणून त्याच्यापासून हातभर अंतरावर ठेवलं. तेव्हा तिला त्या पिशवीतून वास आला.

त्याला साखरेचा आजार होता आणि अंगठा काळा पडला होता. तिनं त्याला धुळ्याला सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळं वर चढतंय, घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल, आणि रेशनकार्डावर नाव असेल तर सगळं योजनेत फुकट होईल. ते झालं. त्यानंतर पुना कोकिळाच्या ओट्यावर राहिला. ती त्याला दोन वेळा भाकरी द्यायची, दर पंधरा दिवसांनी पट्टी बदलायला धुळ्याला न्यायची, आणि त्याच्याशी कामापुरतं बोलायची. तिनं त्याला माफ केलं होतं असं नाही. पण वास येणारा माणूस पायरीवर बसलेला असताना दार लावून घेणं तिला जमलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवशी कापूस वेचताना तिच्या बोटांना बोंडांची टोकं लागत राहिली. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ‘निदर्शनास आले आहे.’ कोणी आणून दिलं निदर्शनास?

विचार करता करता तिचं मन सुनंदाबाईपाशी येऊन थांबलं. सुनंदाबाई तिच्या भिंतीला भिंत लावून राहणारी विधवा. वयानं मोठी, म्हणून कोकिळा तिला अक्का म्हणायची. सुनंदाबाईनंही पगारासाठी अर्ज केला होता, पण दोन कमावते मुलगे कार्डावर आहेत म्हणून तो नामंजूर झाला. मुलगे पुण्याला, पाच वर्षांत एकदाही फिरकले नाहीत, पण कार्डावर होते. श्रावणात नळावर, चार बायांच्या देखत, सुनंदाबाई हसत हसत म्हणाली होती, “तुनं बरं शे माय. नवरा बी घर उना नि पगार बी चालू शे.” तेव्हा कोकिळाही हसली होती. आता ते हसणं तिला आठवलं.

संध्याकाळी ती शेतातून परतली ती सरळ सुनंदाबाईच्या दारात.

“अक्का, तूच अर्ज दिधा ना?”

सुनंदाबाई दाण्यांची टरफलं पाखडत होती. “कसाना अर्ज?”

“मना पोटवर पाय दिधा तू. तुले भेटना नही म्हणून माले बी भेटाले नको.”

गल्लीतल्या दोन बाया दारात आल्या. सुनंदाबाईनं सूप खाली ठेवलं. तिनं कोकिळाकडे जरा वेळ पाहिलं, मग सूप उचलून आत गेली आणि दार ओढून घेतलं. कोकिळाला वाटलं, खरं असतं म्हणूनच माणूस असा गप्प आत जातो.

मधले दिवस कसे गेले ते तिला सांगता आलं नसतं. गल्लीत मोटारसायकलचा आवाज आला की ती हातातलं काम सोडून दाराशी यायची. किराणा दुकानदार प्रेमराज दुकानाच्या एका कोपऱ्यात ऑनलाइनची कामं करायचा, अंगठा घेऊन पगारही तोच काढून द्यायचा. त्यानं मशीनवर बघून सांगितलं की या महिन्याचा पगार जमा झालेला नाही. वसुली म्हणजे किती, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “पहिल्या महिन्यापासून धरलं तर बरीच होईल, मावशी. पण आधी बोलावलंय तर जाऊन या.” ती दुकानातून बाहेर आली आणि साखर घ्यायची राहिली हे घरी गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

दिपमालाचा शिरपूरहून फोन आला. बाप आल्यापासून तिनं माहेरी पाऊल टाकलं नव्हतं.

“माय, त्याले काढी दे. तू सांग त्या लोकेसले, तो आठे ऱ्हास नही.”

“कोठे जाई तो?”

“जठून उना तठे जाई. तुनी चिंता त्यानी कधी करी का?”

फोन ठेवल्यावर पुनानं ओट्यावरून आवाज दिला. त्यानं सगळं ऐकलं होतं. “दिपी खरं बोलस. मी निंघी जास. मनामुये तुले तरास नको.”

“एक पायवर कोठे जाशी?” ती म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती.

तलाठी मॅडम शुक्रवारी येणार असल्याचं जीवरामनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. शुक्रवारी पहाटे उठल्यापासून कोकिळाच्या मनात एक विचार घर करून बसला, आणि सात वाजता तिनं तो अमलात आणला. पुनाची खाट उभी करून मागच्या गोठ्यात नेली. अंथरूण, धोतर, ताट, तांब्या, सगळं एका पोत्यात भरून कडब्यामागं दडवलं. पुनाच्या काखेत कुबड्या दिल्या आणि त्याला मारुतीच्या पारावर नेऊन बसवलं. “बलावसू तवयच ये,” असं तिनं बजावलं. पुनानं मान हलवली. परत येऊन तिनं ओटा शेणानं सारवला. खाटेच्या चार पायांचे खड्डे बुजले.

तलाठी नूतन मॅडम नऊलाच आल्या. स्कूटीवरून उतरल्या, पाणी घेतलं, पाय पुसून आत आल्या. तिशीतली बाई, बोलणं शांत. कोकिळाला वाटलं होतं तसं त्यांनी दरडावलं नाही, आणि त्यामुळेच तिला जास्त भीती वाटली. त्यांनी घर पाहिलं. चूल, फडताळ, दोरीवरचे कपडे. फोटो काढले. मग वहीत लिहीत त्यांनी विचारलं, “घरात कोण कोण राहतं?”

“मी एकटीच.”

“पती?”

“ते... ते राहत नाहीत इथं. कधी येतात, जातात.”

मॅडमचा पेन चालत होता. मग तो थांबला. दाराच्या आतल्या खुंटीला धुळ्याच्या हॉस्पिटलातली पांढरी पिशवी लटकत होती, पट्ट्यांची गुंडाळी तिच्यातून वर आली होती. रोज डोळ्यांपुढे असलेली वस्तू, तीच कोकिळाला दिसली नव्हती.

“ही औषधं कोणाची?”

“माझीच,” कोकिळा म्हणाली. पिशवीवर चिठ्ठी चिकटवलेली होती आणि चिठ्ठीवर नाव होतं. मॅडमनी नाव वाचलं. कोकिळाकडे पाहिलं.

“पंचनाम्याला दोन पंच लागतील, जीवरामभाऊ. शेजारचे कोणी आहेत का बघा.”

शेतांत कापूस फुटलेला. गल्लीत त्या वेळी माणूस नव्हतं. जीवराम गेला आणि दोन म्हातारी माणसं मिळाली ती घेऊन आला. एक पलीकडच्या गल्लीतले तोताराम आबा, ज्यांना कमी ऐकू यायचं, आणि दुसरी सुनंदाबाई.

कोकिळा भिंतीला टेकली. आता सगळं संपलं असं तिला वाटलं. चार दिवसांपूर्वी आपण जिला दारात जाऊन बोललो, तिच्या जिभेवर आता आपला पगार.

सुनंदाबाई तिच्याकडे न बघता उभी राहिली. मॅडमनी विचारलं, “मावशी, यांचे पती इथं राहतात का?”

“ऱ्हातस. होळीपासून ऱ्हातस.”

कोकिळानं डोळे मिटले.

“मग या तर म्हणाल्या, राहत नाहीत.”

“ती घाबरनी व्हई, मॅडम. तो राहतो, पण बाहेर ओटावर राहतो. तिथंच जेवतो. ही मझार झोपस. दिवा मालवला की मझारथीन कडी लावस. भिंत एकच शे ना आमची, कडीना आवाज माले रोज ऐकू येस.” सुनंदाबाई दम घ्यायला थांबली. “पाऊस लागला तवय बी कडी काढी नही हिनं. गोणपाट लायी दिधं ओटाले, पण मझार लिधा नही. आता याले संसार म्हणता का तुम्ही, ते तुम्हीच लिखा.”

मॅडम लिहीत राहिल्या. तोताराम आबांनी काय चाललंय ते जीवरामला विचारलं आणि जीवराम त्यांच्या कानात सांगत बसला. शेवटी तोताराम आबांची सही झाली, सुनंदाबाईचा अंगठा. जाताना ती कोकिळाच्या जवळून गेली, पण थांबली नाही.

मॅडमनी कागद मिटला. “बाई, तुमचं आधीचं बोलणं मी लिहिलंय. लिहिलेलं खोडता येत नाही मला. यांचंही सगळं लिहिलंय. सोमवारी या.”

दुपारी कोकिळानं पुनाला पारावरून आणलं, खाट पुन्हा ओट्यावर मांडली. सारवण ओलं होतं, पाय रुतले.

सोमवारी ती साडेनऊलाच तालुक्याला पोचली. कचेरीच्या व्हरांड्यात तिच्यासारख्या पंधरा-वीस जणी होत्या. कुणाच्या हातात मृत्यूचा दाखला, कुणाच्या हातात उत्पन्नाचा. एक बाई दुसरीला सांगत होती की तिच्या दिराची चारचाकी तिच्या दारात उभी असते म्हणून तिला बोलावलंय. सगळ्याच हळू बोलत होत्या, आजारी माणसाच्या खोलीबाहेर बोलावं तसं. कोकिळानं घरून चार वाक्यं पाठ करून आणली होती. नाव पुकारलं गेलं तेव्हा त्यातलं एकही तिला आठवेना.

नायब तहसीलदार साहेब पन्नाशीचे होते. समोर गठ्ठा होता आणि त्यांचा चहा निवून त्यावर साय आली होती. बाजूला नूतन मॅडम उभ्या होत्या. साहेबांनी पंचनामा वाचला, मग चष्म्यावरून पाहिलं.

“पहिल्यांदा तुम्ही सांगितलं, ते राहत नाहीत. औषधं स्वतःची सांगितली. असं का?”

“घाबरले, साहेब.”

“खोटा लाभ घेणाराही घाबरूनच बोलतो, बाई. मला फरक कळायचा कसा?”

मग धीर करून, निदान एक गोष्ट तरी कळावी म्हणून, तिनं विचारलं, “साहेब, माझी तक्रार कोणी केली?”

“तक्रार?” साहेबांनी फाईल मागंपुढं चाळली. “तुमच्याविरुद्ध कोणाची तक्रार नाही. श्रावणात सगळ्या लाभार्थ्यांची नावं रेशनकार्डांशी ताडून पाहिली. जिल्ह्यावरून यादी आली. तुम्ही इकडे परित्यक्ता, आणि कार्डावर पती.” त्यांनी एक कागद तिच्याकडे फिरवला. “नाव वाढवण्याचा अर्ज. चैत्रातला. ही सही तुमचीच ना?”

तिचीच होती. प्रेमराजच्या दुकानात उभ्या उभ्या केलेली. धुळ्याहून ती दुपारच्या गाडीनं आली होती आणि संध्याकाळच्या आत तिला कागद घेऊन परत जायचं होतं. प्रेमराजनं विचारलं होतं, नातं काय लिहू मावशी? आणि ती म्हणाली होती, काय असेल ते लिही, लवकर कर. त्यानं ‘पती’ लिहिलं. शेजारच्या खोलीतल्या टेबलावर तो अर्ज मंजूर झाला होता आणि या खोलीतल्या टेबलावर त्याचाच जाब विचारला जात होता.

कोकिळाला आधी काही वाटलंच नाही. मग सुनंदाबाईचं ते ओढून घेतलेलं दार डोळ्यांपुढे आलं आणि तिचे कान तापले.

“मला एवढंच सांगा,” साहेब म्हणाले, “तुम्ही दोघं एकत्र नांदता का?”

“तो राहतो, साहेब. नांदत नाही.”

साहेबांनी पेन उचलला, पुन्हा ठेवला. नूतन मॅडमकडे पाहिलं. मॅडम हळूच म्हणाल्या, “सर, पंचांनी तसंच सांगितलंय. दार आतून बंद असतं.”

“मला कळतंय. पण एका कार्डावर असले की ते एक कुटुंब. मी माझ्या मनानं वेगळं लिहू शकत नाही.” त्यांचा आवाज आता मघासारखा राहिला नव्हता. “एक करता येईल. त्यांचं नाव कार्डातून कमी करायचा अर्ज आजच द्या. मी तुमचं प्रकरण तशा शेऱ्यानं समितीपुढे ठेवतो. पगार बहुतेक पुन्हा चालू होईल.”

“आणि त्यांचं?”

“त्यांनी स्वतंत्र कार्ड काढावं. रहिवासाचा पुरावा लागेल, सुरतेचं नाव कमी केल्याचा दाखला लागेल. दोन-तीन महिने. जास्तही लागतील.”

“तोवर धुळ्याला?”

“कार्डाशिवाय ती योजना मिळत नाही, बाई.”

कोकिळा मनात दिवस मोजत होती. राहिलेल्या पायाच्या करंगळीपाशी काळसर डाग आला होता, बोराएवढा. पंधरवड्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी तो दाबून पाहिला होता आणि म्हणाल्या होत्या, या महिन्यात एकही खेप चुकवू नका. दोन-तीन महिने. तिला दिपमालाचा आवाज ऐकू आला, तुनी चिंता त्यानी कधी करी का? नव्हती केली. हेही खरं होतं. एकोणीस वर्षांत ताप आला, घराचं धाबं गळलं, पोरीचं लग्न झालं, तो नव्हता. तिला त्याचा त्या क्षणी इतका राग आला की हातातला रुमाल तिनं पिळून काढला.

“राहू द्या नाव,” ती म्हणाली.

“पगार बंद होईल.”

“हो.”

“विचार करून सांगा. आठ दिवस घ्या.”

“आठ दिवस घरी बसून याहून काय वेगळं सुचणार, साहेब. लिहा तुम्ही.”

साहेबांनी लिहिलं. सही घेताना त्यांनी स्वतःच कागद धरून ठेवला.

बाहेर नळावर तिनं तोंडावर पाणी मारलं. पाणी मारता मारता रडू आलं, ते पाण्यातच गेलं. नूतन मॅडम मागून आल्या, तिचं आवरेपर्यंत थांबल्या. “तुमच्या पतीला पाय नाही. त्यांना दिव्यांग म्हणून स्वतःच्या नावानं अर्ज करता येतो. जळगावला मेडिकल बोर्डापुढे न्यावं लागेल, ते तपासून टक्के देतात. प्रमाणपत्र मिळालं की माझ्याकडे आणा, पुढचं मी बघते.”

“पुन्हा तपासणी?” कोकिळानं विचारलं.

“पुन्हा तपासणी,” मॅडम म्हणाल्या.

ती गावात उतरली ती घरी गेली नाही. सुनंदाबाईच्या दारात उभी राहिली. सुनंदाबाई भाकरी थापत होती. कोकिळानं उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, कोणी अर्ज दिला नव्हता, सही माझीच होती, मी तुझ्यावर उगाच आळ घेतला. सुनंदाबाईनं भाकरी तव्यावर टाकली, उलटली, पाण्याचा हात फिरवला.

“माले माहीत व्हतं,” ती म्हणाली. “मी दिधा नही हे माले माहीत व्हतं ना.” आणि तिनं कोकिळाला बस म्हटलं नाही.

ते तसंच राहिलं. पौषात कागद आला, अनुदान बंद. वसुलीबाबत समिती स्वतंत्रपणे निर्णय घेईल, असं खाली एक ओळ होती. प्रेमराजला विचारलं तर तो म्हणाला, कधी कधी माफ होतं, कधी चैत्रापासूनचं तेवढं मागतात, कधी काहीच येत नाही. त्यामुळे कोकिळाला मोटारसायकलच्या आवाजानं दाराशी यायची सवय सुटली नाही. ती आता दोन वेळा कामाला जायची, सकाळी दुसऱ्यांच्या शेतात आणि दुपारनंतर कापसाच्या जिनिंगवर. पुनानं ओट्यावर बसून शेंगा फोडून द्यायचं काम मागून घेतलं. ती त्याला ताट देताना आता एखादं वाक्य जास्त बोलायची, आणि ते बहुतेक त्याच्या पायाबद्दल असायचं.

बोर्डाची तारीख बुधवारची होती. सकाळच्या एसटीसाठी ती पुनाला घेऊन फाट्याकडे निघाली. कुबड्यांनी त्याला रस्त्यावर चालता यायचं, पण एसटीची पायरी उंच, आणि धुळ्याला जाताना दर वेळी कुणातरी परक्या माणसाला हात द्यायला सांगावं लागायचं. या गाडीला सकाळी शाळेच्या पोरांची गर्दी असायची, कंडक्टर थांबायचा नाही, याची धास्ती तिला रात्रीपासून होती.

फाट्यावर सुनंदाबाई उभी होती. नवं लुगडं, हातात पिशवी.

“तू कोठे चालनी अक्का?”

“जळगाव. डोळा दाखाडाले.” तिनं पुनाकडे पाहिलं. एवढ्या महिन्यांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. “काठ्या मनाकडे दे रे. आणि दांडीले धर.”

गाडी आली. कोकिळानं त्याला कमरेला धरलं, सुनंदाबाईनं मागून पाठीला खांदा लावला. पुना दांडीला लोंबकळला, एक पाय पायरीवर टेकला, घसरला, पुन्हा टेकला. आतून कंडक्टर ओरडला, “चला मावशी, उशीर होतोय.”

“व्हऊ दे,” सुनंदाबाई खालून म्हणाली. “माणूस चढी ऱ्हायना.”

तो चढला. कोकिळानं त्याला पुढच्या सीटवर बसवलं, कागदांची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली आणि एकेक कागद पुन्हा बाहेर काढून पाहू लागली. आधार, रेशनकार्ड, धुळ्याचं डिस्चार्ज कार्ड, तीन फोटो. फोटो तीनच होते. सांगितले चार होते की तीन, हे तिला आठवेना. तिनं पिशवी उलटी करून झटकली.

“जळगावले काढू एखादा,” सुनंदाबाई म्हणाली आणि तिच्यासाठी सीटवर जरा सरकली.

कोकिळा तिच्या शेजारी बसली. गाडी हायवेला लागली.